नौबादमधलं दोघांपुरतं घर

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दिवशी शेतात पंगत बसली होती आणि माझ्या हातात आंबिलीचा तांब्या होता. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीसमोर सगळा गोतावळा जमलेला, भाज्या-दाण्यांची भज्जी दुसऱ्यांदा वाढून झालेली. तेवढ्यात माझे थोरले दीर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बीदरला घर बघायलाव म्हणं. कॉलेजच्या बाजूलाच बघा. आमच्या धाकल्या पोरीची दहावी हाय औंदा. फुडं दोन वर्सं तुमच्याकडंच ऱ्हाईल ती."

नवऱ्यानं तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, "व्हय अण्णा."

झालं. आम्ही बीदरच्या कुठल्या भागात राहायचं ते एवढ्यावर ठरलं. मला कुणी विचारलं नाही. हातात तांब्या घेऊन वाढणाऱ्या बाईला कोण विचारतंय? माझी मोठी जाऊ, जिला मी अक्का म्हणते, तिनं पेला पुढं केला आणि हसून म्हणाली, "तेवढंच घरात कुनीतरी बोलनारं व्हईल तुमाला." मी ओतत राहिले. पेला भरून आंबील तिच्या हातावर सांडली तेव्हा थांबले.

बदली माझी झाली होती, हे इथं सांगायला हवं. औरादच्या बँकेत मी कारकून होते. बढती मिळाली आणि बीदरच्या मोठ्या शाखेत जायचा हुकूम आला. नवरा विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी वाइंडिंग करून देतो. मोटारी कुठंही जळतात, तेव्हा त्याला कुठंही काम मिळणार होतं. आम्हाला मूल नाही. दवाखान्यांपायी लातूर झालं, सोलापूर झालं, शेवटी हैदराबाद झालं. एकदा तिकडून परतताना जहिराबादच्या स्टँडवर चहा पिता पिता आम्ही दोघांनी ठरवलं की आता बास. त्यावर माझं रडून झालेलं आहे, इथं पुन्हा रडत बसणार नाही.

मला त्या दिवशी शेतात जो संताप आला तो पोरगी नको म्हणून आला नव्हता. तो समजायचा तर तिच्या थोरल्या बहिणीचं सांगावं लागेल.

थोरली तिसरीत असताना आमच्याकडं औरादला आली. गावातली शाळा धड नव्हती आणि आमचं घर रिकामं होतं, असा सरळ हिशेब. तिच्या वेण्या मी घालायची. वाइंडिंगच्या मशीनच्या आवाजाला ती आधी भ्यायची, मग त्याच मशीनजवळ बसून पाढे म्हणायला लागली, एक ओळ मराठीत, एक कन्नडमध्ये. झोपेत माझ्या अंगावर पाय टाकायची. मी काकू होते आणि काकूच होते. पण एका वर्षी गावच्या जत्रेत बांगड्यांच्या दुकानापुढं गर्दीत तिनं माझा पदर ओढला आणि म्हणाली, "आई, हिरव्या घेऊ का?"

अक्का माझ्या शेजारीच उभी होती. पोरीचा हात धरून तिनं स्वतः हिरव्या बांगड्या भरल्या.

पुढच्या आठवडी बाजाराला मी भाजी घेऊन घरी आले तर नवरा पायरीवर बसलेला. "अण्णा आलते. पोरीला न्हेले," म्हणाला. मी विचारलं, "कामून?" तर म्हणाला, "गावातच शिकवावं म्हनले." सातवीचं वर्ष अर्धं झालं होतं. तिचा शाळेचा एक ड्रेस अजून दोरीवर वाळत होता. कुणी भांडलं नाही, कुणी कारण दिलं नाही. सगळे इतक्या शहाण्यासारखे वागले की मला ओरडायलासुद्धा जागा राहिली नाही. थोरली आता भालकीकडं दिली आहे, तिला दोन लेकरं आहेत. लग्नाकार्यात भेटते आणि मला काकू म्हणते, अगदी स्पष्ट.

म्हणून येळवशीच्या दिवशी मी ठरवलं, की कॉलेजच्या आसपास घर घ्यायचंच नाही.

पुढचे काही रविवार आम्ही मोटारसायकलवरून बीदर पालथं घातलं. ठरवायचं कुठं राहायचं ते, आणि भांडायचं दुसऱ्याच गोष्टीवर. "अण्णानं मला शिकवलंय," तो पुढं बघून म्हणायचा. "त्यानी म्हनल्यावर मी न्हाई म्हनू?" मी मागून म्हणायची, "मग तुमी ऱ्हावा तिच्यासंगं. मी औरादहून जाऊन येऊन करते." बाई मागं बसून भांडायला लागली की एक सोय असते, तोंड दिसत नाही. माझं तोंड त्या दिवसांत बघण्यासारखं नव्हतं.

घर दाखवणारा दलाल मोठा उत्साही माणूस होता. शाळा किती जवळ, बाग कुठं, शिकवण्या कुठल्या गल्लीत, स्कूलबस कोपऱ्यावर कशी थांबते, हे तो एका दमात सांगायचा. "लेकरं किती तुमची?" असं विचारून झालं आणि आम्ही नाही म्हटलं की त्याचं पाठांतरच संपायचं. मग तो फोन बघत बसायचा. त्याला दोष देत नाही. लेकरं असलेली माणसं शाळा बघून घर घेतात, म्हातारी माणसं दवाखाना बघून घेतात. आमच्यासारख्यांनी काय बघायचं? ते आम्हालाही सांगता येईना. तुम्हाला काय आवडतं, हे आजवर आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

कॉलेजच्या बाजूचं घर आधी बघितलं, नवऱ्याच्या समाधानासाठी. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, समोर हॉस्टेल, बाजूला हॉस्टेल, सगळीकडं पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो लावलेले मोठाले बोर्ड. मालकीणबाई म्हणाल्या, "लेकरू न्हाई? मग बरंय. भिती खराब हुनार न्हाईत." त्यांना खरंच बरं वाटलं होतं. मी नवऱ्याकडं बघितलं. तो भिंतीला बोट लावून रंग बघत होता.

दुसरं घर जुन्या शहरात, तटाच्या आत. जागा सुरेख, जाड भिंतींची, थंडगार. तिथल्या मालकीण आपांनी चहा दिला, दोन बोटं वर करून विचारलं, "बस्स दोनोंच?" आणि मग आमच्याकडं इतक्या मायेनं बघायला लागल्या की मला तिथं बसवेना. अमुक दर्ग्याला जा, अमुक हकिमाला दाखवा. चांगल्या मनाची बाई. पण तिच्या शेजारी राहायचं म्हणजे रोज सकाळी ती माया अंगावर घ्यायची.

मग नौबाद बघितलं. मोठ्या रस्त्याच्या मागं, जिथं वस्ती विरळ होते तिथं एक बैठं घर. पुढं लाल मातीची मोकळी जागा, शेवग्याचं एक झाड आणि कडेला पत्र्याची शेड, तिथं नवऱ्याचं टेबल आणि मशीन आरामात बसलं असतं. सायंकाळचं वारं सरळ अंगावर येत होतं. कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. नवरा शेडमध्ये जाऊन उभा राहिला आणि त्यानं नकळत वायर कुठून ओढायची ते हातानं मापून बघितलं. त्याला जागा आवडली होती, हे त्याच्या आधी मला कळलं.

मालक शेजारीच राहत होते. कपाळाला विभूती, पांढरं धोतर, नोकरीतून निवृत्त. आम्ही त्यांना अप्पा म्हणायला लागलो. "बर्री, कुंदर्री," म्हणत त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या आणि पहिला प्रश्न टाकला, "येष्टु मंदी? किती माणसं?"

"दोघंच," मी म्हटलं.

"दोघंच म्हंजे दोघंच का?" त्यांनी चष्मा वर केला. "आदीच्या भाडेकरूनं बी दोघंच म्हनला हुता. मग भाचे आले, पुतने आले. सहा पोरं ऱ्हायली. बोअरचं पानी सपलं. मला शब्द पायजे. दोघंच."

मी माझ्या आयुष्यात इतक्या आनंदानं शब्द दिलेला नाही. "दोघंच अप्पा. तिसरं कुनी न्हाई," मी म्हटलं. नवऱ्यानं माझ्याकडं मान वळवली. मी शेवग्याकडं बघत राहिले.

माझा बेत साधा होता. मी नाही म्हणायचं नाही, कुणालाच दुखवायचं नाही. अटच मालकाची आहे, त्याला आम्ही काय करणार? साप मरावा आणि काठीही मोडू नये, असं मला वाटत होतं. नवऱ्याला परतीच्या वाटेवर उमगलं. "तू मुद्दाम केलीस," एवढंच म्हणाला. सामान बांधताना, टेंपोत चढवताना, नव्या घरात दूध उतू घालवताना आम्ही एकमेकांशी फक्त वस्तूंबद्दल बोललो. कपाट कुठं, दोरी कुठं, झाकण कुठं गेलं. एरवी माझा नवरा बोलका माणूस आहे.

पण एक गोष्ट मी विसरले, आणि आळंदकडच्या निंबर्ग्यात वाढलेल्या माझ्यासारखीनं ती विसरायला नको होती. आमच्या भागात दोन अनोळखी माणसं ओट्यावर बसली की पहिला घोट घ्यायच्या आत त्यांचं नातं निघतं. तुम्ही कुठले, तिथं अमक्याच्या घरी कोण दिलंय, मग तुमचे मामा ते आमच्या साडूचे चुलते. कुणी परका उरतच नाही. आणि मी माझा सगळा डाव एका परक्या माणसावर लावला होता.

दहावीची परीक्षा संपल्यावर दीर आले, बरोबर अक्का आणि धाकली. मी आधीच फोनवर मालकाची अट कळवली होती. दिरांनी ती ऐकली आणि घरात चपला काढायच्या आधी शेजारच्या ओट्यावर जाऊन बसले.

"शरणार्थ अप्पा."

"शरणार्थ, शरणार्थ. कुठलं गाव?"

मी खिडकीतून ऐकत होते. पोह्यांचा कांदा चिरायला घेतला होता. गाव सांगून झालं, आडनाव झालं, मग अप्पांनी विचारलं, आळंदकडं कुणी? दिरांनी माझ्या माहेराचं नाव सांगितलं, म्हणजे दोरी माझ्याच गावावरून गेली. निंबर्ग्याला अप्पांच्या बहिणीची नणंद दिलेली निघाली, आणि तीही आमच्याच भावकीत. अप्पांचा आवाज एकदम चढला. "अरे, मग बीगरच की आपन! सोयरे! आदी सांगायचं न्हाई का?" त्यांनी आत हाक मारून बायकोला, म्हणजे अव्वांना, चहा टाकायला लावला. मग दीर हळू आवाजात पोरीचं बोलले. अप्पा म्हणाले, "एकच पोरगी हाय की. पोरीनं कुठं पानी सपतंय? ठेवा खुशाल. मी पोरांचं म्हनलो हुतो."

सगळे आमच्या घरी आले. अप्पासुद्धा आले, सोयरे झाले होते ना. खोलीत नवरा, दीर, अप्पा खुर्च्यांवर, अक्का खाली सतरंजीवर, आणि धाकली दाराला टेकून नखं कुरतडत उभी. दीर मोठ्या समाधानानं म्हणाले, "झालं की मग. अप्पानी हू म्हनले. जूनला आनून सोडतो."

नवरा जमिनीकडं बघत होता. आता मालकाची अट नव्हती, कॉलेज लांब आहे म्हणावं तर सिटीबस पुढच्या मोठ्या रस्त्यावरून जात होती. मी पोह्यांची ताटली ठेवली आणि उभ्यानंच बोलले.

"अण्णा, थोरलीला न्हेलाव तवा मला कुनी सांगितलं न्हवतं. मी बाजाराला गेले हुते. आले तर पोरगी न्हाई."

दीर म्हणाले, "ती आमचीच लेक हुती की."

"व्हय. तुमचीच हुती. ही बी तुमचीच हाय. दोन वर्सं मी हिला जेवू घालीन, ताप आला तर उशाला बसंन, आन एक दिवस तुमी येऊन न्हेसाल. मला पुन्ना जमनार न्हाई ते. माज्यात तेवढं बळ न्हाई."

मी आमच्या घरात दिरांसमोर इतकं कधीच बोलले नव्हते. माझा आवाज फाटला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. अप्पांनी उठायचं की बसायचं हे न कळून पंचा सारखा केला. दिरांचं तोंड लाल झालं. ते नवऱ्याकडं वळून म्हणाले, "तू काय म्हनतूस?"

बोलली ती अक्का. सतरंजीवर बसल्या बसल्या, माझ्याकडं मान वर करून. "मीच न्हेयाला लावले हुते त्यानला. जत्रंत तुला आई म्हनली न्हवं का. माजा जीव घाबरला. रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई. वाटलं, गेली माजी लेक." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुला सांगाया पायजे हुतं. न्हाई सांगितलं. आता इचारायले. हिला ठेवून घेशील का?"

मी लग्न होऊन या घरात आल्यापासून मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मला कायम वाटायचं, की एकदा कुणी नुसतं विचारू दे, मी सगळं देऊन टाकीन. आणि विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "न्हाई अक्का."

तिनं मान हलवली. रागानं नाही. तिला कळलं होतं. तिथं बसलेल्या तीन पुरुषांपेक्षा तिला जास्त कळलं होतं.

दीर पोह्यांना हात न लावता उठले. पाणीसुद्धा घेतलं नाही. आमच्याकडं ही लहान गोष्ट नाही, भावाच्या नव्या घरातून कोरड्या तोंडानं उठून जाणं. नवरा त्यांना स्टँडवर सोडायला गेला आणि परत आला तो थेट शेडमध्ये जाऊन बसला. एक जळालेली मोटार पुढ्यात घेतली आणि काळी पडलेली तार ओढून काढत राहिला. दिवस मावळायला आला तेव्हा मी चहा घेऊन गेले. बोलणी खायची तयारी होती माझी.

तो मान खालीच घालून म्हणाला, "तुला वाटतंय तुजंच न्हेले. माजंबी न्हेले की."

मला हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं एका ताटात जेवणाऱ्या माणसाचं मला हे माहीत नव्हतं. मी थोरलीसाठी रडायची तेव्हा तो मोटारी भरत बसायचा आणि मी मनात म्हणायची, याला काय, भावाचा शब्द राहिला की झालं. "मग अण्णाला हू कामून म्हनलाव?" मी विचारलं.

"लेकरू येत असंल तर न्हाई कसं म्हनू मी?" तो म्हणाला. "दोन वर्सं तर दोन वर्सं."

मी त्याच्या शेजारी तारांच्या ढिगापाशी बसले. म्हणजे त्याला जेवढं मिळेल तेवढं हवं होतं आणि मला अर्धवट नको होतं. दोघांपैकी कोण बरोबर, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी मात्र मला वाटलं की मी त्याच्या हातातला घास काढून घेतला. मी तसं म्हणाले. तो म्हणाला, "जाऊ दे, चा दे." थंड झालेला चहा आम्ही तिथंच बसून प्यालो.

दिरांनी धाकलीला कॉलेजच्या हॉस्टेलात घातलं. आमच्याशी ते बरेच दिवस बोलले नाहीत. गावात माझ्याबद्दल काय बोललं गेलं ते माझ्या कानावर आलं, वांझ बाईचं काळीज दगडाचं असतं वगैरे. ऐकून आग लागायची ती लागलीच. पण नौबादच्या घरात वारं येत होतं, अव्वा शेवग्याच्या शेंगा घेऊन जात होत्या आणि त्या बदल्यात चटणी देत होत्या, नवऱ्याच्या शेडपुढं मोटारी यायला लागल्या होत्या. सायंकाळी आम्ही दोघं विमानतळाच्या बाजूच्या रस्त्यानं पायी फिरून येतो. आम्हाला हे आवडतं, हे आम्हाला इथं येऊन कळलं.

पावसाळा सरता सरता एका रविवारी सकाळी दारात धाकली. एकटीच आलेली, सिटीबसनं. हॉस्टेलचं जेवण तिच्या तोंडावर दिसत होतं, पार वाळली होती. घरी सांगून आली का, म्हणून नवऱ्यानं विचारलं, तर म्हणाली, "आईनंच पाठवली." तो लगेच पिशवी घेऊन बाहेर पडला, काय आणायचं हेसुद्धा न विचारता.

मी तिला आत ये म्हटलं. ती उंबऱ्याबाहेर चपलांचे पट्टे सोडत होती, खाली वाकूनच म्हणाली, "काकू, मी सांजंला पाचला जानार हाय. सहाला हजेरी असती."

माझ्या घरातून लेकरू कधी जाणार हे मला आधी सांगितलं गेलं, ते पहिल्यांदाच. मी दाराची कडी धरून उभीच राहिले. ती चप्पल हातात धरून माझ्याकडं बघत राहिली, आपलं काही चुकलं का म्हणून.

"बस," मी म्हटलं. "लई येळ हाय अजून."